पेनीच्या रोलमधले खरे डबल डाय आणि टांकसाळीतल्या चुका कशा ओळखायच्या?

न्यूजर्सीकर

नमस्कार. बँकेतून पेनीचा (अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं) बॉक्स घेतला आहे. ५० रोल, प्रत्येकात ५० नाणी, म्हणजे २५ डॉलरला २,५०० नाणी. व्हीट पेनी (१९०९ ते १९५८, मागे गव्हाच्या ओंब्या) बाजूला काढणं सोपं आहे, आणि १९८२ च्या आधीची तांब्याची नाणीही सालावरून कळतात. खरी अडचण त्यानंतर आहे. भिंगातून पाहिलं की बऱ्याच नाण्यांवर सालाच्या आकड्यांना किंवा 'लिबर्टी'च्या अक्षरांना दुहेरी कड दिसते. एवढे डबल डाय (नाणं पाडायच्या ठशावरच, म्हणजे डायवरच, चित्र दुहेरी उठलेली नाणी) असणं शक्य नाही, मग यातलं खरं कुठलं? शिवाय प्रत्येक नाण्याचा प्रत्येक कोपरा पाहत बसलो तर बॉक्स संपायचाच नाही. कुठल्या सालाला नेमकं काय पाहायचं? १९८२ ची नाणी तोलायची म्हणतात ती कशासाठी? आणि जस्ताच्या नाण्यांवर बारीक फोड असतात, ती टांकसाळीतली चूक धरायची का? पुण्यातल्या भाच्याला नाण्यांचा नाद आहे, त्याच्यासाठी काही नाणी न्यायची आहेत. त्याबद्दल काही नियम असेल तर तोही सांगा.

भिंगवाला

दुहेरी कडेपासून सुरुवात करतो, कारण ते एकदा डोळ्यात बसलं की निम्मं काम झालं.

डाय तयार करताना उठावाचं चित्र असलेला साचा, म्हणजे हब, पोलादी डायवर दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात पूर्ण चित्र उमटत नसे. डाय तापवून मऊ करायचा, थंड झाला की पुन्हा हबखाली ठेवायचा. या दुसऱ्या वेळी तो केसभर फिरलेला बसला तर डायवर दोन प्रतिमा कोरल्या जातात. तोच डबल डाय. चूक डायमध्येच असल्यामुळे त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच येते, त्याच अक्षरांवर आणि त्याच दिशेला. म्हणून ओळखीच्या डबल डायचा फोटो शेजारी ठेवून ताडता येतं. फोटोत दुसरी प्रतिमा एका बाजूला आणि तुमच्या नाण्यावर दुसऱ्या बाजूला असेल, तर ते नाणं त्या डायचं नाही.

रोलमध्ये जे पदोपदी दिसतं ते बहुतेक वेळा यांत्रिक दुहेरीपण असतं. डाय सैल असला तर ठोका पडल्यावर निसटताना जरा सरकतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर एका बाजूने चेपतो. तिथे सपाट, चकचकीत पायरी तयार होते. ही पायरी अक्षराच्याच अंगातून कापलेली असते, त्यामुळे मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये उलट घडतं. दोन्ही प्रतिमांना उठाव असतो, अक्षर जाड दिसतं, आणि त्याच्या टोकांना खाच पडून टोक दुभंगलेलं दिसतं. ही दुभंगलेली टोकं शोधा. नुसती सपाट पायरी दिसली की नाणं खाली ठेवा.

दुसरी कसोटी टांकसाळीच्या चिन्हाची, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. १९८९ पर्यंत पेनीच्या डायवर डेन्व्हरचा डी किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा एस हाताने, वेगळ्या पंचने ठोकत. तो हबवर नसे. मग हबच्या चुकीने साल आणि अक्षरं दुहेरी झाली तरी चिन्ह एकेरीच राहायला हवं. १९६९-एस हे याचं उत्तम उदाहरण. खऱ्या १९६९-एस डबल डायवर साल, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' स्वच्छ दुहेरी दिसतं आणि एस एकेरी असतो. याच सालाची यांत्रिक दुहेरीपणाची नाणी भरपूर आहेत. त्यांच्यावर एसलाही त्याच दिशेने पायरी असते. १९९० पासून चिन्ह मास्टर डायवरच (ज्यावरून पुढचे हब आणि डाय बनतात) येऊ लागलं, म्हणून पुढच्या सालांना ही कसोटी लावू नका.

तिसरं सोंग झिजलेल्या डायचं. हजारो ठोक्यांनी डाय थकला की अक्षरांच्या कडा फुगतात, भोवती धूसर सावली येते आणि मोकळा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. १९५५ ची शेवटच्या ५ ला सावली असलेली नाणी 'गरिबाचा डबल डाय' म्हणून विकतात, ती यातलीच. खरा १९५५ डबल डाय फिलाडेल्फियाचा, टांकसाळीचं चिन्ह नसलेला. साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, मागची बाजू मात्र पूर्ण एकेरी. याच्या नकलाही खूप आहेत, म्हणून मागे 'सेंट'मधल्या टीच्या उभ्या दांड्याच्या डावीकडे बारीक उभे ओरखडे आहेत का ते पाहावं. ते त्या डायवरचेच होते. १९७२ च्या मोठ्या डबल डायलाही अशी खूण आहे: मागे 'युनायटेड'च्या डीच्या वर, काठाजवळ लहानसा खड्डा.

तांबडी_पेनी

भिंगवाल्यांनी ओळखायचं कसं ते सांगितलंच आहे, मी क्रमाबद्दल लिहिते.

रोल फोडला की आधी सगळी नाणी छापा वर करून मांडा. मग सालाप्रमाणे ढीग करा आणि एका वेळी एकच साल घ्या. मिसळलेल्या नाण्यांवर डोळा दर वेळी नव्याने शोधू लागतो. एका सालाची वीस नाणी ओळीने पाहिली की वेगळं दिसणारं एकविसावं आपोआप टोचतं.

उजेड एकाच दिव्याचा हवा, नाण्याच्या डाव्या वरच्या बाजूने, तिरपा. अनेक ठिपक्यांच्या एलईडीखाली प्रत्येक अक्षराला दोन-तीन सावल्या पडतात आणि सगळंच दुहेरी वाटतं. शंका आली की नाणं जागच्या जागी फिरवा. सावली जागा बदलते, खरी खाच बदलत नाही. १० पटीचं चांगलं भिंग पुरेसं आहे. ते डोळ्याला लावून नाणं जवळ आणायचं. यूएसबी सूक्ष्मदर्शक फक्त पक्कं करायला वापरावा. त्याने शोधायला बसलात तर प्रत्येक ओरखडा डोंगराएवढा दिसेल.

आता कुठल्या सालाला काय.

व्हीट पेनींत टांकसाळीचं चिन्ह आधी पाहा. हाताने ठोकलेलं असल्यामुळे ते कधी दोनदा ठोकलं जाई. १९५६-डीमध्ये डीच्या खाली दुसरा डी अगदी सुटा दिसणारा एक प्रकार आहे. १९४४-डीमध्ये डीच्या डोक्यावर एसचा भाग डोकावतो का ते बघा. डायवर आधी एस ठोकून मग डी ठोकला गेला. १९२२ साली पेनी फक्त डेन्व्हरने पाडल्या, म्हणून डी नसलेली १९२२ म्हणजे डायमधला डी भरून गेला होता. पण डी घासून काढलेली नाणी बाजारात खूप आहेत. मागची बाजू ठळक असेल तरच पुढे विचार करा.

१९६० ला मोठं साल आणि लहान साल असे दोन प्रकार आहेत. ९ चं डोकं १ च्या वर गेलं असेल तर मोठं, दोन्हींची डोकी एका रेषेत असतील तर लहान. फिलाडेल्फियाचं लहान साल जपून ठेवा, डेन्व्हरचं सामान्य आहे. १९७०-एसमध्ये ७ कडे पाहा. ७ चं डोकं ९ आणि ० च्या बरोबरीने असलं तर लहान साल, खाली बसलेलं असलं तर नेहमीचं. लहान सालावर 'लिबर्टी' फिकी उमटलेली असते, ती जोडखूण. सॅन फ्रान्सिस्कोने १९६८ ते १९७४ या काळात चलनासाठी पेनी पाडल्या, म्हणून त्या वर्षांतला एस रोलमध्ये सापडतो. एस दिसला की न पाहता परत टाकू नका.

१९८३ उलटं करून पाहायचं. डबल डाय मागच्या बाजूला आहे आणि सगळी अक्षरं ठळक दुहेरी दिसतात. १९८४ आणि १९९७ ला लिंकनचा कान, पाळीखाली दुसरी पाळी. १९९५ ला 'लिबर्टी' आणि 'इन गॉड'. रोलमध्ये मिळण्याची सगळ्यात जास्त आशा या १९९५ चीच, म्हणून त्या सालाचा ढीग घाईत संपवू नये.

एक महत्त्वाचा फरक: १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डाय एकाच दाबात होऊ लागले. हब डायच्या शंकूसारख्या टोकावर आधी टेकतो, आणि डाय तिरका असला तर दाब वाढताना तो सरळ बसतो. त्यामुळे दुहेरीपण नाण्याच्या मध्यावर येतं. जुन्या नाण्यांत काठाजवळची अक्षरं पाहायची, नव्यांत कान, मागच्या बाजूच्या लिंकन स्मारकाचे खांब असा मधला भाग. २००९ च्या, ओंडक्यावर बसून वाचणाऱ्या तरुण लिंकनच्या पेनीत पुस्तक धरलेल्या हाताला जादा बोट दिसतं, ते यामुळेच. त्याचे अनेक डाय आहेत, बोटाची जागा प्रत्येकाची वेगळी.

वजनकाटा

१९८२ बद्दल. त्या वर्षी पेनीचा धातू मधेच बदलला. आधी ९५ टक्के तांबं, ३.११ ग्रॅम. नंतर जस्तावर तांब्याचा मुलामा, २.५० ग्रॅम. त्यातच सालाचे लहान-मोठे दोन प्रकार. फिलाडेल्फियाचे चारही जोड मिळतात, डेन्व्हरचे नेहमीचे तीन, असे एकूण सात. आठवा जोड म्हणजे डेन्व्हर, लहान साल, तांबं. तो नसायलाच हवा होता, पण २०१६ मध्ये एक सापडला. म्हणून नियम सोपा: १९८२-डी लहान साल दिसलं की तोला.

मोठ्या सालात २ चा तळ सपाट असतो आणि ८ चं खालचं वर्तुळ वरच्यापेक्षा स्पष्ट मोठं असतं. लहान सालात २ चा तळ वळलेला असतो, ८ ची दोन्ही वर्तुळं जवळपास सारखी असतात आणि आकडे काठापासून जरा दूर राहतात.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. ०.१ वाला या कामाचा नाही. तपासायला वेगळं वजन नसेल तर नवं, न झिजलेलं निकेल (पाच सेंटचं नाणं) ठेवा. त्याचं वजन ५.०० ग्रॅम ठरलेलं आहे. तांब्याच्या पेनीला ०.१३ आणि जस्ताच्या पेनीला ०.१० ग्रॅम इकडेतिकडे चालतं. १९८३ चीही सगळी नाणी तोला, कारण जुन्या तांब्याच्या कोऱ्या चकत्यांवर पाडलेली १९८३ ची नाणी मिळाली आहेत.

१९४३ ची पेनी पोलादाची, २.७ ग्रॅम, चुंबकाला चिकटते. तांबडी दिसणारी १९४३ चुंबकाला चिकटली तर तिच्यावर कोणीतरी मुलामा चढवला आहे. नाही चिकटली तरी लगेच खरी मानू नका, सालातला आकडा कोरून बदललेला नाही ना ते आधी भिंगातून पाहा.

न्यूजर्सीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टीच्या डावीकडचे ओरखडे आणि एकेरी एस या खुणा फार उपयोगी पडणार. दोन शंका. १९८३ चं एक नाणं २.५८ ग्रॅम भरलं, ते ठेवायचं का? आणि १९९८ ते २००० मध्ये 'अमेरिका'च्या अक्षरांतली फट पाहतात, ती नेमकी कशी मोजायची?

वजनकाटा

२.५८ म्हणजे जस्ताचंच, मर्यादेतलं. मुलामा जाड असेल. तांब्याचं नाणं झिजलं तरी एवढं खाली येत नाही. परत टाका.

तांबडी_पेनी

फट मोजायची गरज नाही. 'अमेरिका'मधले ए आणि एम पायाशी जवळजवळ चिकटलेले असतील तर १९९३ नंतरचं नेहमीचं नाणं. मधे स्पष्ट मोकळी जागा असेल तर ते प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) नाण्यांसाठीचं चित्र आहे, आणि चलनी नाण्यांसाठी चुकून त्या चित्राचे डाय वापरले गेले. पक्कं करायला स्मारकाच्या उजव्या पायथ्याशी असलेली एफजी ही चित्रकाराची आद्याक्षरं पाहा. रुंद फटीच्या नाण्यात ती इमारतीच्या जवळ असतात, अरुंद फटीच्या नाण्यात दूर. दोन्ही खुणा जुळल्याच पाहिजेत. तिघांत १९९९ सगळ्यात दुर्मीळ. १९९२ ला हेच उलट आहे: त्या वर्षी रुंद फट नेहमीची, आणि अरुंद फटीची नाणी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

काठ_आणि_चकती

फोडांचा प्रश्न राहिला. जस्ताच्या चकतीवर मुलामा नीट धरला नाही की त्याखाली हवा अडकते आणि फोड येतो. दोष टांकसाळीतलाच, पण इतका सर्रास की त्याला मोल नाही. याच नाण्यांवर अक्षरांच्या कडेने राखाडी रेघ दिसते. ठोका पडताना मुलामा फाटून खालचं जस्त उघडं पडलेलं असतं. १९८३ नंतरच्या पेनींत 'डबल डाय' म्हणून दाखवलेली बरीच नाणी ही फाटलेल्या मुलाम्याचीच निघतात.

काठाला चंद्रकोर कापलेली दिसली तर समोरचा काठ पाहा. पत्र्यातून चकती कापतानाच तुकडा गेला असेल तर काठ उठवण्याच्या यंत्रात त्या जागी दाब पडत नाही, म्हणून बरोबर समोरचा काठही फिका उमटतो. शिवाय कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढल्यासारखी लांबतात. कात्रीने कापलेल्या नाण्यात यातलं काहीच होत नाही, अक्षर सरळ तुटलेलं असतं.

डायचा काठाजवळचा तुकडा पडला तर नाण्यावर काठाला चिकटून गुळगुळीत, चित्रहीन उंचवटा येतो, आणि मागची त्याच जागची बाजू सहसा अशक्त उमटते. असं नाणं जरूर ठेवा. 'लिबर्टी'च्या बी आणि ई मधे उभी रेघ असलेली १९५० च्या दशकातली नाणी डायची कपची उडाल्याने होतात. छान दिसतात, संग्रहाला हौसेने ठेवावीत, पण किंमत थोडी. दोन डाय मधे चकती नसताना एकमेकांवर आदळले तर लिंकनच्या चेहऱ्यापुढे स्मारकाच्या खांबांच्या पुसट उभ्या रेघा येतात. त्याही ठेवण्यासारख्या.

टांकसाळीबाहेरची इजा ओळखायला एकच प्रश्न विचारा: धातू गेला कुठे? ओरखड्याच्या कडेला ढकललेला धातू दिसला तर ती नंतरची इजा. नाण्यावर गोल, वर्तुळाकार चरा असेल तर तो रोल गुंडाळणाऱ्या यंत्राच्या हुकाचा. काठ आत वळून जाड झालेला, अक्षरं काठाखाली गेलेली, म्हणजे ते नाणं कपडे सुकवण्याच्या यंत्रात अडकून फिरत राहिलेलं. दुसऱ्या नाण्याची उलटी, खोलगट अक्षरं दिसली तर दोन नाणी शिकंज्यात दाबलेली. तीन ग्रॅमचं नाणं दोन ग्रॅमचं, पातळ आणि सगळी अक्षरं पुसट: आम्लात बुडवलेलं.

भिंगवाला

नाणी सांभाळण्याबद्दल थोडं. साफ करू नका, चिंच-मीठ तर नकोच. चमकवलेल्या तांब्याची किंमत त्याच क्षणी जाते आणि पुन्हा येत नाही. चिकट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढा, घासू नका, आणि हे खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून लांब करा. मऊ, वास येणारी पीव्हीसी पाकिटं टाळा. त्यातून निघणारा हिरवा चिकट थर तांबं खातो. मायलारची (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) पुठ्ठ्याची चौकट किंवा १९ मिलिमीटरची नळी चांगली.

ऑनलाइन विकले जाणारे 'न उघडलेले जुने रोल' घेऊ नका. टोकाला इंडियन हेड (व्हीटच्या आधीची पेनी) किंवा दुर्मीळ सालाचं नाणं मुद्दाम बसवून आत साधी नाणी भरलेली असतात. ज्या शाखेतून बॉक्स घेता तिथेच तपासलेली नाणी परत भरू नका, नाहीतर तीच पुन्हा तुमच्याकडे येतील. २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाला चलनासाठी पेनी पाडणं थांबलं, त्यामुळे नवे बॉक्स मिळणं अवघड होत जाईल. मिळतील त्यांत जुन्या, फिरलेल्या नाण्यांचं प्रमाण मात्र जास्त असेल, आणि ते आपल्या कामाचं आहे.

पीसीजीएस किंवा एनजीसीकडे (नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्या) पाठवण्याआधी शुल्क पाहा. प्रकार नोंदवण्याचं शुल्क वेगळं पडतं. झिजलेला १९९५ डबल डाय पाठवण्यात अर्थ नाही. १९६९-एस किंवा १९८२-डी लहान साल तांबं असेल तर जरूर पाठवा.

वजनकाटा

भाच्याच्या नाण्यांबद्दल. पेनी आणि निकेल वितळवायला आणि देशाबाहेर न्यायला २००६ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, पण प्रवाशाला सूट आहे. ५ डॉलरपर्यंतची नाणी सहज नेता येतात, आणि स्वतःच्या संग्रहासाठी किंवा हौसेसाठी आहेत हे उघड असेल तर २५ डॉलरपर्यंत. म्हणजे कायद्याने अख्खा बॉक्स चालेल, पण तो सहा किलोच्या वर भरतो. सालवार लावलेला फोल्डर, त्यात १९८२ चे सातही प्रकार आणि एक पोलादी १९४३, एवढं न्या. पाठोपाठ त्याला आपल्या नाण्यांवर सालाच्या खालचं चिन्ह पाहायला सांगा: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काही नाही. सालवार ढीग आणि तिरपा उजेड तिथेही चालतो.

काठ_आणि_चकती

@न्यूजर्सीकर, शंकेचं नाणं इथे दाखवायचं असेल तर दोन्ही बाजूंचा पूर्ण फोटो आधी टाका, मग सालाचा आणि टांकसाळीच्या चिन्हाचा एकाच चौकटीतला जवळचा. नुसता एका अक्षराचा फोटो टाकला तर दुहेरीपणाची दिशा कळत नाही. दिवा एकच ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटातून फोटो घेऊ नका, आणि वजन दोन दशांशांपर्यंत लिहा.